आप्पांचं पाणी

जमिनीखालचं पाणी शोधणारी माणसं गावात आली की लोकांना वाटायचं, यांच्याजवळ काहीतरी भारी यंत्र असणार. यंत्रं होती, नाही असं नाही. पण मी आयुष्यभर ज्या दोन वस्तूंवर पोट भरलं त्या म्हणजे पोलादी टेप आणि खडू. टेपच्या टोकाला हातभर खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, काठावरच्या ठरलेल्या खुणेपाशी आकडा वाचायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. एक वजाबाकी केली की काम संपलं. अवघड असतं ते टेप सोडण्याच्या आधीचं. विहीर परक्याची, काठ परक्याचा, आणि आपण सरकारी जीपमधून उतरलेले. अशा माणसाला आपल्या विहिरीत कोण डोकावू देतो?

तिथून माझं काम सुरू व्हायचं. आमचे साहेब भूवैज्ञानिक होते. ते दगड ओळखायचे, मी माणसं पटवायचो. रिपोर्ट तयार झाला की त्यात दगडाचं वर्णन पानंच्या पानं, आणि माझ्या कामाला शेवटी दोन शब्द : ‘स्थानिक सहकार्य’. हे सहकार्य कुठल्या झाडाला लागतं, ते तोडायला काय काय करावं लागतं, हे मला कुणी कधी विचारलं नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, म्हणून लिहितो. माझ्या लिहिण्यात राग दिसेल. तो आहेच, तो काढून लिहिता येणार नाही.

मी बिलोलीकडचा. शिक्षण सांगण्यासारखं नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो. विहिरी बघायला आलेल्या साहेबांना आमच्या शेजारच्या गावातले लोक पांदीतच अडवून उभे होते. मी मध्ये पडलो. आधी गावकऱ्यांशी भांडलो, मग साहेबांशी भांडलो, आणि ऊन कलायच्या आत दोघांना एका बाजेवर बसवून ताक पाजलं. निघताना साहेबांनी मलाच जीपमध्ये घातलं. पुढे दगडाबद्दल जे काही कळलं ते त्यांनीच शिकवलं. माणूस हुशार होता आणि खरा होता. त्यांच्याशी माझं एकदाच बिनसलं, पण ते कायमचं.

आमच्या भागातलं पाणी कसं असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. पाणी मुरमात असतं आणि पाषाणाच्या भेगांत असतं. तुमच्या विहिरीला भेग लागली तर उन्हाळाभर इंजिन चालतं, आणि शेजारच्याने त्याच बांधाला लागून विहीर खणली तर तिच्यात पारवे घरटी करतात. त्यामुळे इथला माणूस विहिरीबद्दल बोलतो ते घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं. मुलगी द्यायला आलेल्या पाहुण्यांना आधी विहीर दाखवतात. ती आटली असं स्वतःच्या तोंडानं म्हणणं जिवावर येतं.

आम्ही ठरावीक विहिरी निवडायचो आणि त्याच वर्षानुवर्षं मोजायचो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पाऊस किती पडला ते पावसाचं भांडं सांगतं. त्यातला किती जमिनीनं ठेवून घेतला ते विहीर सांगते. दुष्काळ खरा किती खोल गेला हे विहिरीशिवाय कळत नाही. पण ही मापं खरी यायची तर मधे कुणी हात घालता कामा नये, आणि आमच्याकडे हात न घालणारा माणूस जन्माला यायचाय.

हिमायतनगरला आमचं पावसाचं भांडं एका निवृत्त मास्तरांच्या अंगणात होतं. आजूबाजूला ओढे भरून वाहायचे आणि मास्तरांच्या अंगणात पाऊस जेमतेम. साहेब चक्रावले. मी एकदा ऐन पावसात तिथे जाऊन धडकलो तर भांड्यावर पोतं पांघरलेलं! मास्तरांच्या आईला विचारलं. म्हातारी म्हणाली, “एवढं चकचकीत भांडं, भिजून गंजंल की रे लेकरा. तुमचंच काळजीनं झाकून राहिले मी.” मास्तरांनी कपाळाला हात लावला. मी म्हातारीशी सौदा केला : जुनी घागर शेजारी ठेवतो, तिच्यावर पोतं टाका, हे उघडं राहू द्या. पटलं तिला. कुणावर तरी माया करायला मिळाली म्हणजे झालं.

इस्लापूरच्या एका दुकानदाराने विहीर मोजू दिली ती एका अटीवर. “माझा आकडा माझ्या भावाला सांगायचा नाही, अन् भावाचा मला सांगायचा.” मी म्हटलं, शेठ, अर्धी अट मंजूर. त्याला कुठली अर्धी ते कळेपर्यंत माझी मापं घेऊन झाली होती.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सांगून मी बैठका रंगवल्या आहेत. पण लिहायला बसलो की दरवेळी एकच विहीर पुढे येते. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं अजून तिथेच राहतात, म्हणून गावांची नावं लिहीत नाही.

नवा लातूर जिल्हा झाला त्यानंतरची गोष्ट. पाट्यांवरचा रंग ओला होता, हापिसांत खुर्च्या उसन्या आणलेल्या होत्या, आणि प्रत्येक अधिकाऱ्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिला. एक ओढा होता. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे लातूर. पलीकडच्या गावाला प्यायला पाणी नव्हतं. बायका ओढ्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं घागर भरत. नव्या जिल्ह्यानं त्यांच्यासाठी ओढ्याच्या पलीकडच्या काठाला विहीर खणली. पाणी चांगलं लागलं. आता ती बांधून घ्यायची आणि गावापर्यंत नळ टाकायचा, एवढंच बाकी होतं. तेव्हा अलीकडच्या काठावरून हरकत आली.

हरकत घेणारे मन्मथआप्पा. साठीचे, जंगम स्वामींना घरी बोलावून पूजा करणारे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर धुवट शुभ्र धोतर. ओढ्याच्या अलीकडे त्यांची खालची विहीर होती, तिच्या पाण्यावर वरच्या अंगाला लिंबाची बाग, आणि त्याच विहिरीवर अलीकडच्या वस्तीतल्या बायाही पाणी भरत. आप्पांची दुसरी विहीर वर माळाला होती, पण तिचं पाणी बेताचं. त्यांचं म्हणणं, पलीकडच्या नव्या विहिरीवर इंजिन बसलं की माझं सगळं पाणी तिकडे ओढलं जाईल. पलीकडचे सरपंच बाबूराव पाटील म्हणत, म्हातारा जळतो आमच्यावर, दुसरं काही नाही. दोघांचं ओढ्याच्या हद्दीवरून जुनं वाकडं होतं.

यावर उपाय एकच. नव्या विहिरीवर इंजिन लावून सलग उपसा करायचा आणि तेवढा वेळ आप्पांची विहीर मोजत राहायची. तिथे उपसलं की इथे पाणी खाली जातंय, असं दिसलं तर दोन्ही विहिरींची भेग एक. मग नव्या जिल्ह्यानं ही विहीर सोडून वर बंधाऱ्याजवळ दुसरी खणायची. साहेबांनी तशी जागाही बघून ठेवली होती. पण या चाचणीला आप्पांनी आपल्या विहिरीला हात लावायचा नाही. थेंब उपसायचा नाही. आणि हे आप्पांना पटवायचं काम माझं.

मी त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांची सून महानंदा चहा ठेवून आत गेली.

“आप्पा, तीन दिवस खालच्या विहिरीवरचं इंजन बंद ठेवायचं.”

“अन् बाग?”

“वरच्या विहिरीचं पाणी सोडा पाटानं. ती लांब हाय, आमच्या मोजणीत न्हाई.”

“बंद ठेवा म्हनायला तुमचं काय जातंय? तुमी आलाव कोणाकडून, बाबूरावाकडून का माझ्याकडून?”

“मी टेपकडून आलो.”

“टेपला पोट नसतंय. तुमाला हाय.”

मला असा माणूस आवडतो. मी खुर्ची पुढे ओढली. “आप्पा, जरा हिशोब लावा. तिकडं इंजन चाललं अन् हिकडं तुमचं पाणी खाली गेलं, तर तुमची तक्रार खरी. मग ती विहीर वर बंधाऱ्याकडं सरकती. जितकं जास्त खाली जाईल, तितका फायदा तुमचा.”

आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. “म्हंजी हारलो की जिंकलो.”

“हाव.”

“हे बरंय की,” म्हणाले आणि हसले. मग त्यांनी अटी घातल्या. काठावर कुणी चपला घालून चढायचं नाही. टेप मीच सोडायची, दुसऱ्यानं नाही. आणि आकडा पहिल्यांदा त्यांना सांगायचा, नंतर गावाला.

तिसरी अट मी साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, “ते जमणार नाही. आपण कानात कुजबुजलो तर बाबूराव म्हणतील आकडा फिरवला. दोन्ही काठांना ऐकू येईल असं ओरडून सांगायचं.” खरंच होतं त्यांचं. साहेब पलीकडे इंजिनापाशी घड्याळ घेऊन उभे राहणार होते आणि मी अलीकडे आप्पांच्या विहिरीवर. मध्ये ओढा. ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. आप्पांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “ओरडा तर ओरडा. आपल्याला तेच पायजे की.”

पहिल्या दिवशी दोन्ही काठांना जत्रा जमली. पलीकडे इंजिन धडधडायला लागलं, पाणी पाइपातून खाली लांब ओढ्यात पडायला लागलं. पोरं त्याखाली नाचत होती. मी टेप सोडायचो, ओढायचो, वाचायचो. पहिली काही मापं जागची हलली नाहीत. दुपारच्या सुमारास फरक पडला.

साहेब पलीकडून ओरडले, “आप्पांचं काय?”

मी ओरडलो, “उतरलं!”

“किती उतरलं?”

“चार बोटं उतरलं!”

आमच्या खात्यात हे रोजचं बोलणं. कुणाचं पाणी किती उतरलं, अमक्याचं उतरलं का, तमक्याचं का नाही उतरलं. आमच्या कानांना त्यात दुसरं काही ऐकूच येत नाही. पण माणसाचं पाणी उतरणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पलीकडच्या काठावर कुणीतरी पोट्टं केकाटलं, “ए, आप्पाचं पाणी उतरलं रे!”

हसण्याचा असा लोट आला की इंजिनाचा आवाज बुडाला. बाबूराव पाटील दगडावर बसले होते. ते पोरांना दाबत म्हणाले, “आरं, हळू. जुनं पाणी हाय ते. हळूहळूच उतरंल.”

पुन्हा हशा. आता तर अलीकडच्या काठावरची आप्पांची माणसंसुद्धा तोंड फिरवून हसत होती. आप्पा काठावर ताठ उभे होते. पुढच्या मापाला मी आवाज खाली केला, तर साहेब ओरडले, “ऐकू येत नाही! उतरलं का?” काय सांगणार? ओरडलो. पलीकडून पोरांनी त्याला चालच लावली. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि घराकडे निघून गेले. मी मनात म्हटलं, जाऊ द्या, मापं तर आप्पांच्या बाजूनं पडताहेत. आप्पांना हिशोब कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जरा आणखी खाली होतं. मग थांबलं. दुपारच्या मापाला ते बोटभर वर आलेलं होतं. मी टेप पुसून, पुन्हा खडू लावून सोडली. तेच.

“आप्पांचं?” साहेब ओरडले.

“जागेवर!”

पलीकडच्या पोरांची चाल थांबली. अलीकडून आप्पांचा एक पुतण्या ओरडला, “बगा म्हनावं! आप्पाचं पाणी हाय ते!” आप्पा पुन्हा काठावर आले होते. शुभ्र धोतर, उपरणं नीट घडी घालून. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, हा माणूस जिंकला.

तिसऱ्या दिवशी इंजिन बंद होईपर्यंत पाणी तसंच राहिलं. साहेब खूष होते. त्यांच्या मते दोन विहिरींच्या मध्ये पाषाणाची उभी भिंत असणार, जी पाणी अलीकडून पलीकडे जाऊ देत नाही. अशा भिंती आमच्या भागात असतात, साहेबांचं काही चुकत नव्हतं. सुरुवातीला थोडं उतरलं ते जवळच्या झिरप्याचं, म्हणाले.

मी शेवटचं माप घ्यायला एकटाच विहिरीवर थांबलो होतो. टेप वर ओढताना तिला लिंबाची पानं चिकटून आली. त्या विहिरीच्या काठावर लिंबाचं एकही झाड नव्हतं. बाग होती ती वरच्या अंगाला. मी वाकून पाहिलं. वरच्या बाजूच्या दगडांवरून गढूळ ओघळ उतरलेले, अजून ओले. बागेतून खाली येणारा पाट विहिरीजवळून जात होता आणि त्याच्या कडेला ताज्या चिखलाचा लिंपा मारलेला. हाताने उकरला तर आतून पाणी पाझरलं.

वरच्या विहिरीचं इंजिन दोन दिवस चालू होतं, ते मी ऐकलं होतं. बागेला पाणी देताहेत, म्हणून सोडून दिलं होतं. मीच सांगितलं होतं ना द्यायला!

मी घराकडे गेलो नाही, धावलो. ओसरीवर आप्पा बसले होते. महानंदा दारात उभी. तिच्या लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला होता.

“आप्पा, पाट विहिरीत सोडला का?”

“कोण म्हनतंय?”

“विहिरीत लिंबाचा पाला हाय.”

“वाऱ्यानं पडला आसंल.”

“वारा काय पाटानं येतो?” मी टेप अंगणात आपटली. तिचं वेटोळं सुटून कोंबड्या उधळल्या. मला आवरत नव्हतं. “दुष्काळात लोक विहिरीतलं पाणी चोरतात, आप्पा. तुम्ही विहिरीत पाणी घातलं! ते बी सोताचं घर बुडवायला! जितकं खाली जाईल तितका फायदा, असं सांगितलं होतं का न्हाई मी?”

“फायदा तुमी सांगितला,” आप्पा शांतपणे म्हणाले. “पन ते पोट्टे काय म्हनून राहिले ते ऐकलं न्हाई का तुमी?”

“पोरं हायत. बोलतात.”

“अन् तुमच्या सायबानं? तुमी? माझ्याच काठावर उभं राहून, टेप धरून?” ते उठले. “ह्या वढ्याच्या दोन्ही अंगाला आजपातूर माझं पाणी कोणी उतरवलं न्हाई.”

मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी येऊन ओला पाट पाहिला, पानं पाहिली. मग म्हणाले, “तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण ओला पाट बघून मला आकडे खोडता येत नाहीत. उद्या कुणीही म्हणेल, मनासारखं आलं नाही म्हणून चाचणी रद्द केली. आप्पांनी स्वतः सांगितलं पाहिजे. ते म्हणाले की पुन्हा चाचणी घेऊ, जिल्ह्याला मी तोंड देतो.” आणि त्यांनी जीप एक दिवस थांबवली. पलीकडे बायका वाळूच्या खड्ड्यांपाशी बसल्या होत्या, इंजिनानं उपसून ओढ्यात सोडलेलं पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना आणखी थांबा म्हणायचं तर कारण धड पाहिजे होतं, हेही खरं.

त्या दिवशी आप्पांच्या ओसरीवर मी जो सौदा मांडला, तसा पुन्हा कधी मांडता आला नाही. आधी माफी मागितली. मग म्हटलं, “आप्पा, तुम्ही घातलं असं कोणी म्हणत न्हाई. पाट फुटला. बस. पाट फुटत न्हाईत का? गडी झोपला, पाट फुटला, पाणी विहिरीत गेलं. ह्यात कोणाची इज्जत गेली? एवढं एक वाक्य सायबाला सांगा. पुन्हा चाचणी घेऊ. ह्या खेपेला ओरडणार न्हाई. झेंडी दाखवू, बोटं दाखवू.”

आप्पा विचारात पडले. मला वाटलं, मासा गळाला लागला. तेवढ्यात दारातून महानंदा बोलली. तिची मध्ये बोलण्याची पहिलीच वेळ असावी, कारण आप्पांनी चमकून मान वळवली.

“मामंजी, फुटला म्हना. माझ्या हातनं फुटला म्हना. बाग राहील.”

“तुझ्या हातनं?” आप्पा म्हणाले. “सुनंच्या पदराआड उभं राहू का मी आता?”

झालं. तिनं जीव तोडून मदत केली आणि तिथेच सौदा मोडला. मी पुढे तासभर बोललो, ते वाया. आप्पांचं एकच. “पुन्यांदा चाचणी म्हंजी पुन्यांदा त्या काठावर उभं राहायचं. तुमी ओरडनार न्हाई. ते ओरडतील.” आणि शेवटी, मला दारापर्यंत पोचवायला येऊन, अगदी समजावल्यासारखं म्हणाले, “अन् खरं सांगू का? माझ्या विहिरीचं पाणी उतरतच न्हाई. बगा तुमी.”

माणसाला काय हवंय ते ओळखलं की सौदा अर्धा झाला, हे मी खात्यातल्या नव्या पोरांना शिकवत आलो. आप्पांना लिंबं हवी आहेत असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी डाकबंगल्यावर साहेबांशी माझं भांडण झालं. मी म्हटलं, हा रिपोर्ट खोटा आहे. ते म्हणाले, आकडे जसे आले तसे लिहिले आहेत. मी म्हटलं, आकडा खरा अन् पाणी खोटं, असं असतं का कुठे? शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “मी ह्याच्यावर सही करणार नाही.”

साहेब हळू आवाजात, मला दुखवायचं नाही अशा बेतानं म्हणाले, “तुमची सही लागत नाही हो यावर.”

त्यांना टोचायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण ते वाक्य माझ्या हाडात राहिलं. टेप मी सोडायची, माणूस मी पटवायचा, लिंबाचा पाला मला दिसायचा, आणि सही लागत नाही. त्यांच्यासोबत मी नंतरही काम केलं. पण जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचं सोडलं.

विहीर बांधून झाली. नव्या जिल्ह्याचे अधिकारी आले, नारळ फुटला, नळाला पाणी आलं. मी त्या कार्यक्रमाला होतो आणि तिथल्या बायांचे चेहरे पाहिले, ते नाकारणार नाही. ज्यांनी वाटीनं घागर भरली, त्यांना तोटीखाली घागर धरताना बघून कुणाचंही मन निवेल. हे पाणी बंधाऱ्याजवळूनही येऊ शकलं असतं, थोडं उशिरा, एवढंच मी म्हणत होतो. पण अशा वेळी ‘एवढंच’ म्हणणारा माणूस कुणाला आवडत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आप्पांच्या विहिरीत टेप सोडली ती तळाला टेकली. वर ओढली तर खडू पांढरा कोरडा. आप्पा शेजारी उभे होते. मी टेप गुंडाळली. वरच्या विहिरीच्या पाण्यावर बागेतल्या दोनचार ओळी कशाबशा जगल्या होत्या, बाकी तोडून जळणाला लावल्या होत्या. त्याच वर्षी आमच्या खात्यानं ती विहीर कायमच्या मोजणीसाठी निवडली. मोजणीला उत्तम विहीर ती, जिच्यातून कुणी पाणी काढत नाही. आप्पांची विहीर त्यात अव्वल बसली.

अलीकडची वस्ती आप्पांच्या विहिरीवर पाणी भरायची, ते मी आधी सांगितलंच. आता तिथल्या बाया कोरडा ओढा ओलांडून पलीकडच्या नळावर जायला लागल्या. एकदा मापं घ्यायला गेलो असताना आमची जीप त्या नळाजवळच्या कडुलिंबाच्या सावलीला थांबली होती. घागरींची लांब रांग. ओढ्यातून महानंदा वर आली, डोक्यावर पदर, कमरेला घागर. मला वाटलं, आता हिला ऐकावं लागणार.

रांगेच्या पुढे बाबूरावांची बायको होती, कावेरबाई. तिनं आपली घागर तोटीखालून बाजूला सरकवली आणि मागच्या बायांना म्हणाली, “सरका गं जरा. आप्पाची सून आली. तिला पैल्यांदा भरू द्या. पाणी त्याहिचंच हाय.”

तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. मी आयुष्यभर आवाज पारखत आलो, मला कळलं असतं. बाया खरंच सरकल्या. महानंदा तिथेच थबकली. मग रांगेच्या शेवटी जाऊन तिनं घागर टेकली. “नंबरानं भरते, मावशी.”

कावेरबाई तिच्यापाशी चालत आली, घागर उचलली आणि स्वतः नेऊन तोटीखाली ठेवली.

भरलेली घागर घेऊन महानंदा माझ्या जीपजवळून गेली. मी आता आप्पांच्या विहिरीवरच चाललो होतो आणि ते तिला माहीत होतं. ती थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, मामंजीला हे सांगू नका. मग ते हे पाणी पिणार न्हाईत.”

आप्पा पुढे बरीच वर्षं जगले. मी दर उन्हाळ्यात त्यांच्या काठावर बसलो, पुष्कळ बोललो. हे बोललो नाही.